शेजारगावचा ज्यो मेडविक

आमचा नातू एडिसनच्या मैदानावर लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतो. हेल्मेटमध्ये घाम येतो अशी त्याची रोजची तक्रार. एका रविवारी ती तक्रार ऐकत असता आम्हांस आमच्या जुन्या सहकारी नर्सबाईंची आठवण झाली. बाई जन्माने हंगेरियन वंशाच्या, कार्टरेट गावच्या. रात्रपाळीत कॉफी घेता घेता त्या आपल्या गावच्या एका खेळाडूच्या गोष्टी सांगत. आम्हांस त्या वेळी बेसबॉलमधले काही कळत नव्हते, म्हणून आम्ही नुसती मान डोलवीत असू. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा या माणसाची हकीगत आम्ही शोधून वाचली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटली. कारण तो आपल्या शेजारगावचा होता, परदेशातून आलेल्या आईबापांचा मुलगा होता, आणि त्याच्या डोक्याला झालेली इजा आम्हां नर्सलोकांना बरेच काही शिकवणारी आहे.

त्याचे नाव जोसेफ मायकेल मेडविक. जन्म २४ नोव्हेंबर १९११. गाव कार्टरेट, म्हणजे टर्नपाइकच्या १२ नंबरच्या फाट्यावरचे. एका बाजूस तेलाच्या टाक्या व गोदामे, दुसऱ्या बाजूस आर्थर किलची खाडी आणि खाडीपलीकडे स्टेटन आयलंड. गंमत अशी की, मेडविक जन्मला तेव्हा त्याच्या गावाचे नाव कार्टरेट नव्हते आणि आपल्याही गावाचे नाव एडिसन नव्हते. कार्टरेटला तेव्हा रूझवेल्ट म्हणत; ते नाव १९२२ साली बदलले. आपले एडिसन १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होते. मेन्लो पार्कमध्ये ज्यांची प्रयोगशाळा होती त्या थॉमस एडिसनसाहेबांचे नाव मग गावाला दिले गेले. गावेसुद्धा नावे बदलतात, तर माणसांचे काय घेऊन बसलात! पुढे पाहाल की या मेडविकलाही दोन नावे चिकटली. एक त्याने स्वतः घेतले, दुसरे लोकांनी लादले.

त्या काळचे कार्टरेट म्हणजे तांबे गाळण्याचा मोठा कारखाना, खताचे व रसायनांचे कारखाने, आणि त्यांत राबायला हंगेरी, पोलंड, युक्रेन येथून आलेली माणसे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. आपल्या मुलांचे इथे जे झाले तेच त्या मुलांचे तेव्हा झाले. अशा घरचा हा मुलगा कार्टरेट हायस्कूलमध्ये सर्वच खेळांत पुढे असे. फुटबॉलमध्ये तर इतका की, नोत्र दाम विद्यापीठाकडून बोलावणे आले. पण त्याने बेसबॉल धरला. १९३० साली तो पेनसिल्व्हेनियातील स्कॉटडेल येथील लहान संघात पैसे घेऊन खेळू लागला. कॉलेजचा दरवाजा बंद होऊ नये म्हणून तिथे त्याने 'मिकी किंग' हे खोटे नाव घेतले. पैसे घेऊन खेळणाऱ्यास कॉलेजच्या खेळांत मज्जाव होता, म्हणून ही युक्ती. पण त्या मोसमात या 'किंग'ने .४१९ची सरासरी काढली, आणि कॉलेजचा विचार मागे पडला.

इथे क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. बेसबॉलचे मैदान उघडलेल्या हातपंख्यासारखे असते. पंख्याच्या मुठीशी फलंदाज उभा. पंख्याच्या कडेला, गवतावर, तीन क्षेत्ररक्षक. त्यांना आउटफील्डर म्हणतात. मेडविक डावीकडचा. सरासरी हा शब्द आपल्या क्रिकेटचाच, पण हिशेब निराळा. .३०० सरासरी म्हणजे दहांपैकी तीन वेळा फटका मारून सुखरूप बेसवर पोहोचला. सात वेळा बाद होऊनही माणूस उत्तम ठरतो, असा हा खेळ. आम्ही पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा हसलो होतो. पण पिचरचा चेंडू टप्पा न पडता गोळीसारखा अंगावर येतो, आणि हातातली बॅट सपाट नसून मुसळासारखी गोल असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू जाते.

स्कॉटडेलनंतर दोन मोसम टेक्ससमधील ह्यूस्टन येथे घालवून २ सप्टेंबर १९३२ रोजी मेडविक सेंट लुइस कार्डिनल्स संघात आला. ह्यूस्टनलाच त्याला ते दुसरे नाव मिळाले. कुणी बाईने म्हटले म्हणे, की हा बदकासारखा चालतो. झाले! 'डकी' हे नाव कायमचे बसले. त्याला त्याचा मनस्वी राग येई. संघातले लोक त्याला 'मसल्स' म्हणत, ते त्याला चाले. आम्ही त्याचा राग समजू शकतो. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा आमचे कोकणातल्या गावावरून पडलेले 'कर' लावलेले आडनाव तिथल्या एका मुख्य बाईंना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी ते अर्धे कापून टाकले. निवृत्तीच्या दिवशी केकवर तेच अर्धे नाव होते. आम्ही हसून केक कापला. मेडविक मात्र हसणाऱ्यांतला नव्हता. तो हात उचलणाऱ्यांतला होता. स्वतःच्या संघातल्या माणसांशीसुद्धा त्याच्या हातघाया झाल्या. कार्डिनल्सचा तो संघच तसा होता, मळके कपडे आणि तोंडाळ माणसे. त्यांना 'गॅस हाउस गँग' असे नाव पडले ते उगीच नव्हे. पगारावरून व्यवस्थापक ब्रँच रिकी यांच्याशी त्याचे दरवर्षी वाजे. देशात मंदी, कारखान्यांत लोक कामावरून काढले जात होते, आणि हा मजुराघरचा मुलगा आपल्या कामाचे पुरते दाम मागत होता. यात त्याचे काय चुकले, हे आम्हांस अजून समजलेले नाही.

१९३४च्या वर्ल्ड सीरिजची हकीगत आपल्या वाचकांस विशेष वाटेल. कार्डिनल्सच्या विरुद्ध डेट्रॉइट टायगर्स, आणि टायगर्सच्या पहिल्या बेसवर उभा हँक ग्रीनबर्ग. रुमानियाहून आलेल्या ज्यू आईबापांचा हा मुलगा; पुढे १९४० पासून तोही आउटफील्डमध्ये डावीकडेच खेळू लागला. त्या वर्षी टायगर्सचा विजयासाठी जोराचा झगडा चालू असता १९ सप्टेंबर रोजी किप्पूर आला, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या बोलीत दरफाळणीचा सण. ग्रीनबर्ग मैदानावर गेला नाही, सिनेगॉगमध्ये गेला. तो आत येताच मंडळींनी टाळ्या वाजविल्या असे सांगतात. किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये टाळ्या! आमच्या आजोबांनी हे ऐकले असते तर काय म्हटले असते, कल्पना करवत नाही. संघ त्या दिवशी हरला, पण मोसम जिंकला.

त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, ९ ऑक्टोबर रोजी, त्याच डेट्रॉइट शहरात सातवा व शेवटचा सामना झाला. कार्डिनल्स पुष्कळ पुढे होते. सहाव्या डावात मेडविकने जोरदार फटका मारला, तीन बेस धावला आणि तिसऱ्या बेसवर घसरत जाताना डेट्रॉइटच्या मार्व्ह ओवेनशी त्याची लाथाळी झाली. डाव संपून मेडविक आपल्या जागी, डाव्या गवतावर, गेला मात्र, प्रेक्षकांतून फळे, भाजीपाला, बाटल्या यांचा वर्षाव सुरू झाला. तो मागे सरे, पुन्हा जाई, पुन्हा वर्षाव. असे बराच वेळ चालले. अखेर बेसबॉलचे कमिशनर जज्ज लँडिस, जे स्वतः हजर होते, त्यांनी दोघांना व संघनायकांना जवळ बोलावून विचारपूस केली आणि मेडविकला मैदानाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. शिक्षा म्हणून नव्हे, तर जिवाची काळजी म्हणून. सामना कार्डिनल्सनी ११–० असा जिंकला. त्या सीरिजमध्ये मेडविकने ११ वेळा यशस्वी फटके मारले, आणि विजयाच्या क्षणी तो मैदानावर नव्हता. नंतर तो एवढेच म्हणाला म्हणे, की लोकांनी ते का फेकले हे समजले. पण ती भाजी त्यांनी मुळात मैदानावर आणली कशाला, हे समजले नाही.

जज्जसाहेबांचा निर्णय योग्य होता की नाही यावर अजून वाद घालतात. आमच्या मते योग्य. मुंबईचे आपले जुदा रूबेन यांनी १९६९ ते १९७७ या काळात १० कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. ते पोलीस खात्यात बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. गर्दी बिघडली म्हणजे खेळाचा नियम बाजूला ठेवून माणूस आधी वाचवावा लागतो, हे त्यांनाही पटले असते असे आम्हांस वाटते.

पुढली तीन-चार वर्षे मेडविकच्या आयुष्यातली सोन्याची. १९३६ साली त्याने ६४ वेळा 'डबल', म्हणजे दोन बेसांचे फटके मारले. नॅशनल लीगमध्ये हा आकडा आजतागायत कुणी ओलांडलेला नाही. १९३७ साली तर कमाल झाली. सरासरी .३७४, होम रन ३१, आणि आपल्या फटक्याने घरी आणलेल्या धावा १५४. तिन्हींत तो लीगमध्ये पहिला. होम रनमध्ये मात्र न्यूयॉर्कचा मेल ऑट त्याच्या बरोबरीस होता. या तिहेरी मानास 'ट्रिपल क्राउन' म्हणतात. नॅशनल लीगमध्ये त्याच्यानंतर हा मान कुणालाही मिळालेला नाही. मोठमोठे खेळाडू होऊन गेले, पण ती जागा कार्टरेटच्या मुलाकडेच राहिली. त्याची फलंदाजी पुस्तकी नव्हती. डोक्याइतक्या उंचीचा असो की घोट्याजवळचा, चेंडू दिसला की बॅट फिरवायची.

एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. हे सारे विक्रम ज्या लीगमध्ये झाले तिथे काळ्या माणसांना मज्जाव होता. कार्टरेटपासून काही मैलांवर नेवार्कमध्ये त्याच वर्षांत नेवार्क ईगल्स हा काळ्या खेळाडूंचा उत्तम संघ खेळत होता. त्यांच्यातल्या पिचरांसमोर मेडविकला लीगमध्ये कधी उभे राहावे लागले नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिन संघात घेऊन ही भिंत पाडली ती त्याच ब्रँच रिकी यांनी, ज्यांच्याशी मेडविक पगारावरून भांडत असे.

१९३७च्याच जुलै महिन्यात वॉशिंग्टनला ऑल-स्टार सामना झाला. अध्यक्ष रूझवेल्ट पाहायला आले होते. मेडविकने चार यशस्वी फटके मारले. त्याच सामन्यात त्याचा जोडीदार पिचर डिझी डीन याच्या पायाच्या बोटावर चेंडू बसून ते मोडले. बोट पुरते बरे होण्याआधीच डीन पुन्हा खेळू लागला. पाय दुखतो म्हणून चेंडू टाकण्याची ढब बदलली, त्याचा ताण खांद्यावर आला आणि त्याचा हात कायमचा गेला. बोट मोडले पायाचे, गेला हात! आमच्या वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना आम्ही हे उदाहरण सांगत असतो, तर त्यांनी ते जन्मात विसरले नसते.

आता त्या चेंडूची गोष्ट. १२ जून १९४० रोजी कार्डिनल्सनी मेडविकला ब्रुकलिन डॉजर्स संघास देऊन टाकले. त्याच्याबरोबर एक पिचर गेला, आणि बदल्यात चार खेळाडू व १,२५,००० डॉलर आले. त्या चार जणांत सॅम नाहेम हा एक होता. हलबहून आलेल्या सिरियन ज्यू घराण्यातला, वकिलीची पदवी घेतलेला पिचर. युद्ध संपल्यावर १९४५ साली युरोपातील अमेरिकन फौजांच्या स्पर्धेत त्याने काळे-गोरे एकत्र घेऊन संघ उभा केला व ती स्पर्धा जिंकली. त्याच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मेडविक ब्रुकलिनला गेल्यावर सहाच दिवसांनी, १८ जून रोजी, त्याचा जुना संघ तिथे खेळायला आला. सकाळी हॉटेलात मेडविक व ब्रुकलिनचा संघनायक लिओ ड्युरोशर यांची सेंट लुइसचा पिचर बॉब बोमन याच्याशी बाचाबाची झाली होती. पहिल्याच डावात बोमनचा चेंडू मेडविकच्या डोक्यावर बसला. तेव्हा डोक्यावर कापडी टोपीखेरीज काही नसे. तो जागच्या जागी कोसळला व बेशुद्ध झाला. स्ट्रेचरवरून त्यास इस्पितळात नेले. ब्रुकलिनचे अध्यक्ष लॅरी मॅकफेल संतापाने मैदानात धावून आले. मुद्दाम मारले असा आरोप झाला, सरकारी वकिलाकडून चौकशी झाली, आणि बोमन निर्दोष ठरला. मेडविक काही दिवसांतच पुन्हा मैदानावर उतरला.

या शेवटल्या वाक्याशी आम्ही थबकलो. मुंबईत शिकत असताना आमच्या सिस्टर ट्यूटर सांगत, की डोक्याला मार लागलेला रोगी 'मी ठीक आहे' म्हणाला तर त्याच्यावर दुप्पट नजर ठेवा. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असेल, तर माणूस आधी बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन बोलतो-चालतो, चहा मागतो, आणि काही तासांनी पुन्हा जातो तो कायमचाच. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. एक गिरणी कामगार, डोक्यावर काही पडले म्हणून स्वतःच्या पायांनी चालत वॉर्डात आला, आमच्याशी गावच्या जत्रेच्या गप्पा मारल्या. मध्यरात्री त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली दिसली. डॉक्टरांनी धावपळ केली, तो वाचला. दर पंधरा मिनिटांनी टॉर्च मारून बाहुल्या पाहायच्या, नाडी मोजायची, ही सवय आम्हांस त्या रात्रीपासून लागली. मेडविकला रक्तस्राव झाला नव्हता, हे त्याचे नशीब. त्याच्या वीस वर्षे आधी, १९२० साली, क्लीव्हलँडचा रे चॅपमन असाच चेंडू लागून दुसऱ्या दिवशी मरण पावला होता. त्या काळी मेंदूला हादरा बसला तर किती विश्रांती हवी याचे ज्ञान तुटपुंजे होते. आज शाळकरी मुलालादेखील डॉक्टरची परवानगी मिळाल्याखेरीज खेळू देत नाहीत.

आपल्याकडील जुन्या वाचकांस नरी कॉन्ट्रॅक्टर आठवतील. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसून भारताच्या या कप्तानाची कवटी फुटली. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि रक्त देणाऱ्यांत प्रतिपक्षाचे कप्तान फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर जगले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

मेडविकच्या बाबतीत सर्वत्र असे लिहिलेले आढळते, की त्या चेंडूने त्याची कारकीर्द संपविली. आमच्या सहकारी बाईही तसेच म्हणत. पण आकडे निराळे सांगतात. त्या वर्षी त्याची सरासरी .३०१ राहिली, पुढल्या वर्षी .३१८, त्यापुढे .३००. १९४१ साली ब्रुकलिनने लीग जिंकली तेव्हा तो संघात होता. खरे म्हणजे उतार १९३७च्या शिखरानंतर, चेंडू लागण्यापूर्वीच, सुरू झाला होता. तरीही एवढे दिसते, की पूर्वीचा बेडर, पुढे पाऊल टाकून चेंडूवर तुटून पडणारा मेडविक लोकांना पुन्हा दिसला नाही. अशी भीती माणसाच्या अंगात बसते, आणि ती कोणत्याही एक्स-रेमध्ये उमटत नाही. त्याने स्वतः ती कबूल केली असती असे वाटत नाही.

या अपघातातून एक चांगली गोष्ट निघाली. मॅकफेल यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील दोन डॉक्टरांना गाठले: हाडांचे डॉक्टर जॉर्ज बेनेट व मेंदूचे शल्यविशारद वॉल्टर डँडी. या डँडींचे नाव आम्हां नर्सलोकांनी आदराने घ्यावे. १९३७ साली मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीस क्लिप लावण्याची शस्त्रक्रिया त्यांनी प्रथम केली. १९२३ साली त्यांनी उघडलेली तीन खाटांची खोली ही आजच्या आयसीयूची सुरुवात मानतात. या दोघांनी टोपीच्या आतल्या कप्प्यात, कानशिलावर येतील अशा पातळ व कडक पट्ट्या बसविण्याची योजना केली. १९४१च्या मार्चमध्ये ब्रुकलिनच्या खेळाडूंनी त्या टोप्या घातल्या. पहिल्या घालणाऱ्यांत मेडविक होता. डोक्यावर कवच घालणे पुरुषार्थाला कमीपणा आणते, असे खेळाडूंना पुष्कळ वर्षे वाटत होते. हेल्मेट सक्तीचे व्हायला १९७१ साल उजाडावे लागले, आणि तेही नव्या खेळाडूंनाच, जुन्यांना सूट.

पुढे मेडविक न्यूयॉर्क, बोस्टन, पुन्हा ब्रुकलिन असा फिरला व शेवटी सेंट लुइसला परतून १९४८ साली खेळातून बाहेर पडला. एकूण सरासरी .३२४, यशस्वी फटके २,४७१, होम रन २०५. महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी तो इटलीत गेला असता पोपसाहेबांची भेट झाली. तुम्ही काय करता असे पोपनी विचारताच, मीही पूर्वी कार्डिनल होतो, असे याने उत्तर दिले म्हणे. खरे-खोटे परमेश्वर जाणे, पण ऐकणारा प्रत्येक जण हसतो.

इतके आकडे असूनही कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घ्यायला १९६८ साल लागले. म्हणजे खेळ सोडून वीस वर्षे. निवड करणारे वार्ताहर, आणि वार्ताहरांशी त्याने कधी गोड बोललेले नव्हते. गोड न बोलण्याची किंमत वीस वर्षे! ग्रीनबर्गला हा मान १९५६ सालीच मिळाला होता. १९६६च्या सुमारास कार्डिनल्सनी त्यास परत बोलावून तरुण खेळाडूंना फलंदाजी शिकविण्याचे काम दिले. ते काम करीत असतानाच २१ मार्च १९७५ रोजी फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय ६३.

कार्टरेटमध्ये राहवे नदीकाठी त्याच्या नावाचे काउंटी पार्क आहे. गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन आम्ही तिथे गेलो. कार्टरेटमध्ये आता आपल्या देशातून आलेले लोक पुष्कळ, गुरुद्वारेही आहेत. गवतावर काही पंजाबी मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती. मेडविक कोण म्हणून आम्ही विचारले, तर एकाने खांदे उडविले, दुसऱ्याने पार्कच्या पाटीकडे बोट दाखविले. नातवाने त्यांना ६४ डबलांचा आकडा ऐकविला. मग त्यांनी त्याच्या हाती बॅट दिली. त्याने सवयीने हेल्मेट मागितले आणि सगळी मुले हसली. आम्ही बाकावरून ओरडून सांगितले, चेंडू टेनिसचा आहे, खेळ बिनधास्त.